जुन्या फियाटच्या इंजिनाचा आवाज: खोलण्याआधी काय तपासायचं?

प्रीमियर पद्मिनी किंवा तिच्या आधीची फियाट ११०० डिलाइट नव्याने घेतली असेल, तर पहिल्या आठवड्यातच कुणीतरी बॉनेटकडे कान करून सांगेल, "टॅपेट वाजतंय." दुसरा म्हणेल, "बेअरिंग गेलं, इंजिन खोलावं लागेल." दोघांनीही ऐकलेला आवाज एकच असतो. टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हजवळचं ठरावीक अंतर नीट करणं, हे तासाभराचं काम, तर फुल इंजिन, म्हणजे सगळं खोलून दुरुस्ती, हा कित्येक हजारांचा खर्च आणि महिनाभर गाडी जागेवर. आणि पुष्कळदा आवाज या दोन्हींचा नसतोच, तो इंजिनाबाहेरच्या एखाद्या ढिल्या पुलीचा किंवा फुटलेल्या पॅकिंगचा असतो.

म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. आधी फुकटचं, मग स्वस्तातलं, आणि बाकी सगळं नाकारून झाल्यावरच पाना इंजिनाला.

इथे लिहिलेलं सगळं १०८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाबद्दल आहे: चार सिलिंडर, ६८ मिमी बोअर, ७५ मिमी स्ट्रोक, बाजूला कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडायला लावणारी दांडी), तिचा रेटा वर नेणारे पुशरॉड, वर व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर, अ‍ॅल्युमिनियमचं हेड, ओतीव लोखंडी ब्लॉक आणि तीन मेन बेअरिंगवर फिरणारा क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा). फायरिंग ऑर्डर १-३-४-२, आणि एक नंबरचा सिलिंडर रेडिएटरच्या बाजूचा. फियाट ११०० ते पद्मिनी या पेट्रोल गाड्यांचा गाभा शेवटपर्यंत हाच राहिला. डिझेलच्या १३७ डी पद्मिनीला यातलं फारसं लागू नाही, डिझेलचा ठोका हा वेगळा विषय आहे.

हाताशी काय हवं

- फिलर गेज, म्हणजे बारीक अंतर मोजायची पातळ पाती (न वाकलेली, न गंजलेली)
- मेकॅनिकचा स्टेथोस्कोप. नसेल तर फूट-दीड फुटी स्क्रूड्रायव्हर
- मीटरभर रबरी नळी
- प्लग पाना, रिंग पाने, मोठा आणि छोटा स्क्रूड्रायव्हर
- इन्सुलेटेड पक्कड, एक जादा स्पार्क प्लग आणि दोन्ही टोकांना क्लिप असलेली वायर
- कॉम्प्रेशन गेज आणि ऑइल प्रेशर गेज (एखाद्या दिवसासाठी गॅरेजकडून मागून आणले तरी चालतात)
- टायमिंग लाइट, मिळाला तर
- टॅपेट कव्हरचं नवीन पॅकिंग
- मोबाइल आणि वही

कागदांपैकी मालकाची पुस्तिका किंवा वर्कशॉप मॅन्युअल जवळ ठेवा. टॅपेटचं अंतर, टॉर्क, पॉइंटचा गॅप हे आकडे त्यातून घ्या, तोंडी सांगितलेले नकोत. आरसी बुकही काढून ब्लॉकवरचा इंजिन नंबर ताडून पाहा. जुन्या फियाटमध्ये मधल्या काळात दुसरं इंजिन बसवलेलं असणं अगदी नेहमीचं आहे. नंबर जुळत नसेल तर ते प्रकरण आधी आरटीओत मिटवा.

१. आवाजाची नोंद करा, तीही थंड इंजिनावर

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवरच सुरुवात करायची. मोबाइल एका ठरलेल्या जागी, म्हणजे उजव्या मडगार्डवर फडक्यावर ठेवा, रेकॉर्डिंग चालू करा आणि मग सेल्फ मारा. पहिली दोन मिनिटं, पाच मिनिटांनी आणि गाडी पूर्ण तापल्यावर अशी तीन रेकॉर्डिंग हवीत. वहीत लिहा:

आवाज थंडपणी जास्त की तापल्यावर? आयडलिंगला येतो, रेस देताना, की पॅडल सोडल्यावर? चढावर वाढतो का? क्लच दाबल्यावर बदलतो का? टिकटिक आहे, ठोका आहे, खडखड, की घरघर?

ढोबळ हिशेब असा. थंडपणी वाजून तापल्यावर गप्प होणारा आवाज बहुधा पिस्टनचा किंवा मॅनिफोल्डच्या गळतीचा. थंडपणी गप्प आणि तापल्यावर येणारा ठोका बेअरिंगचा, कारण तेव्हा ऑइल पातळ होतं आणि दाब उतरतो. दुसरा प्रकार जास्त गंभीर.

गाडी अजून विकत घ्यायची असेल, तर पोहोचल्या पोहोचल्या बॉनेट उघडून टॅपेट कव्हरवर हात ठेवा. गरम लागलं तर मालकाने आधीच गाडी तापवून ठेवली आहे. कारण विचारा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा.

बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड, गिअर न्यूट्रल. ओढणी, मफलर, लांब बाह्या पंख्यापासून दूर. या गाडीचा पंखा पट्ट्यावर सतत फिरतो आणि त्याला जाळी नसते.

२. ऑइल आधी पाहा

सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक काढा. पातळी खालच्या खुणेखाली असेल तर आधी ऑइल भरा आणि मगच पुढचं काही ऐका. दोन बोटांत ऑइल चोळा. पेट्रोलचा वास आला तर फ्युएल पंपाचा डायफ्राम फाटून पेट्रोल चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) उतरत असण्याची शक्यता मोठी. पातळ झालेल्या ऑइलवर चांगलं इंजिनही वाजतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुना रबरी डायफ्राम आणि होज लवकर खराब होतात, तेव्हा हा संशय अगदीच दूरचा समजू नका.

ऑइल दुधाळ दिसलं तर थांबा. पाणी आत जातंय, हेड गॅस्केट बघा.

याच्या उलट, ऑइल काकवीसारखं जाड लागलं तर सावध. वाजणाऱ्या बेअरिंगचा आवाज दाबायला इंजिनात गिअर ऑइल किंवा घट्ट अ‍ॅडिटिव्ह ओतणं ही जुनी युक्ती आहे. अशा गाडीवर केलेली कुठलीही तपासणी खोटी. ऑइल आणि फिल्टर बदला, या इंजिनाला साजेसं साधं मिनरल २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० भरा, पन्नास किलोमीटर चालवा आणि पुन्हा पहिल्या पायरीवर या.

काढलेलं ऑइल फेकू नका. ते पांढऱ्या फडक्यातून गाळा आणि फडकं उन्हात धरा. करडी-चंदेरी चमक म्हणजे बेअरिंगचा वरचा मऊ थर सुटतोय. तांबूस कण दिसले तर तो थर संपून खालचा धातू घासायला लागलाय. मग पुढची करमणूक थांबवून थेट आठव्या पायरीवर जा, आणि तोवर गाडी चालवू नका.

३. इंजिनाबाहेरचे आवाज एकेक करून वगळा

*पट्ट्यावरची मंडळी.* डायनामो किंवा अल्टरनेटर, वॉटर पंप आणि पंखा या सगळ्यांना एका फटक्यात वगळता येतं: पट्टा काढा आणि इंजिन सुरू करा. आवाज गेला तर तो या तिघांत आहे. पट्टा नसताना पाणी फिरत नाही, म्हणून अर्धा मिनिट, फार तर एक मिनिट, आणि लगेच बंद. मग हाताने पुली हलवून पाहा. डायनामोच्या पुलीचा नट ढिला असेल तर इतका खणखणीत ठोका येतो की भले भले बिग एंड (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कॉनरॉडचं खालचं बेअरिंग) समजून फसतात. वॉटर पंपाची शाफ्ट खाली-वर हलली, किंवा पंपाखालच्या भोकातून पाण्याचे ओघळ दिसले, तर तो पंप संपला.

*एक्झॉस्टची गळती.* मॅनिफोल्डचं पॅकिंग फुटलं की "टक टक टक" असा आवाज येतो, हुबेहूब टॅपेटसारखा. थंडपणी जास्त, लोखंड तापून फुगलं की कमी. रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं मॅनिफोल्डच्या सांध्यावरून फिरवा; गळतीपाशी आवाज एकदम कानात फुटतो. काजळीचा काळा फराटा दिसला तर नळीचीही गरज नाही. ढिल्या प्लगचाही असाच फुसफुसता आवाज येतो, प्लगच्या बुडाशी साबणाचं पाणी टाका, बुडबुडे दिसतील.

*फाउंडेशन आणि सायलेन्सर.* इंजिन फाउंडेशनचं रबर चेपलं की इंजिन टेकतं आणि आयडलिंगला सगळी गाडी थरथरते. सायलेन्सरचा हँगर तुटला की पाइप बॉडीला आपटतो. दोन्ही हाताने हलवून कळतं, पण पाइप गार असताना.

*क्लच आणि गिअरबॉक्स.* न्यूट्रलमध्ये घरघर येतेय आणि क्लच दाबल्यावर थांबते: गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो: रिलीज बेअरिंग. दोन्हींसाठी इंजिन खोलायची गरज नाही. क्लच दाबल्याबरोबर खोल ठोका बदलत असेल आणि क्रँकची पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे सरकत असेल, तर मात्र क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर झिजलेत.

*फ्युएल पंप.* ब्लॉकच्या बाजूला बसलेल्या यांत्रिक पंपाचा लिव्हर कॅमशाफ्टवरच चालतो, त्यामुळे त्याची टिकटिक टॅपेटच्या तालात येते. पंपाच्या अंगावर स्टेथोस्कोप टेकवला की ती स्पष्ट ऐकू येते. टॅपेट तीनदा सेट करूनही "आवाज जात नाही" अशी तक्रार असते, तेव्हा पुष्कळदा गुन्हेगार हाच असतो.

४. आवाज वरचा की खालचा?

स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडावर, असं ऐकायचं. टॅपेट कव्हर, टायमिंग कव्हर, ब्लॉकच्या बाजूने एक ते चार सिलिंडर, चेंबरची कड आणि डिस्ट्रिब्युटरचं बूड या क्रमाने फिरा. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधून आवाज लांबवर पसरतो, म्हणून "इथे ऐकू येतो" याला फारशी किंमत नाही. "इथे तिथल्यापेक्षा जास्त" हे महत्त्वाचं. एका जागी ऐकून निर्णय घेऊ नका.

टायमिंग लाइट असेल तर एक फार छान पडताळणी होते. लाइटची क्लिप एक नंबरच्या प्लग वायरवर लावा. तो क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एकदा चमकतो, म्हणजे कॅमशाफ्टच्या एका फेरीला एकदा. दर चमकेला एकच ठोका येत असेल तर संशय कॅमशाफ्टवर चालणाऱ्या गोष्टींवर: टॅपेट, रॉकर, पुशरॉड, फ्युएल पंप. चमकेला दोन ठोके येत असतील तर क्रँकच्या वेगाने फिरणारं काहीतरी: पुली, फ्लायव्हील, बेअरिंग. पिस्टनचा ठोका मुख्यतः पॉवर स्ट्रोकला येतो, त्यामुळे तोही चमकेला एकच असू शकतो. एवढा अपवाद लक्षात ठेवायचा.

५. टॅपेट: नीट सेट करा, "कानाने" नको

इथे घाई करू नका. याच कामात सगळ्यात जास्त चुका होतात.

रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यामध्ये थोडं अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं, कारण तापल्यावर धातू वाढतो. अंतर जास्त झालं की टिकटिक. कमी झालं की आवाज बंद होतो, आणि खरं संकट तेव्हा सुरू होतं: व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याच्या कडेतून जळता वायू निसटतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. म्हणून जुन्या गाडीची बारीक, एकसारखी टिकटिक चालेल. एकदम मुकं झालेलं टॅपेट चालणार नाही. सीएनजीवर चाललेल्या गाड्यांमध्ये हे विशेष पाहावं, कारण कोरड्या इंधनावर व्हॉल्व्ह सीट लवकर झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि अंतर आपोआप कमी होत जातं. मुंबईत टॅक्सी म्हणून राबलेली गाडी घेतली असेल तर हे गृहीतच धरा. शिसं नसलेल्या पेट्रोलनेही असंच होऊ शकतं. देशभर शिशाचं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं, आणि या इंजिनांच्या मूळ सीट त्याआधीच्या काळातल्या आहेत.

कृती:

इंजिन पूर्ण थंड हवं. पुस्तिकेत गरम इंजिनाचा आकडा दिला असेल तरच गरम. चारही प्लग काढा, म्हणजे इंजिन हलकं फिरेल. टॅपेट कव्हर काढा. क्रँक पुलीच्या नटावर पाना लावून, किंवा टॉप गिअर टाकून गाडी हळू ढकलत, इंजिन सरळ दिशेने फिरवा.

आता चार नंबरच्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर पाहा. एक्झॉस्ट बंद होता होता इनलेट उघडायला लागतो, दोन्ही रॉकर एकाच वेळी झुलतात. त्या क्षणी थांबा. आता एक नंबरचे दोन्ही टॅपेट सेट करायचे. त्याच पद्धतीने:

- दोन झुलतोय, तीन सेट करा
- एक झुलतोय, चार सेट करा
- तीन झुलतोय, दोन सेट करा

इनलेट कोणता आणि एक्झॉस्ट कोणता हे हेडच्या पोर्टवरून आधीच ओळखून खडूने खुणा करा, कारण दोन्हींचे आकडे वेगळे असू शकतात. फिलर गेजचं पातं सरकताना किंचित अडखळलं पाहिजे, लोण्यातून सुरी फिरावी इतपतच. अडकायला नको, सैलही नको. लॉकनट आवळताना स्क्रू स्क्रूड्रायव्हरने धरून ठेवा आणि आवळल्यावर पुन्हा मोजा. नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, आणि नवखे हमखास इथे चुकतात.

आता सापळा. रॉकरचं टोक वर्षानुवर्षं व्हॉल्व्हवर आपटून तिथे खळगा पडतो. फिलर गेजचं सपाट पातं त्या खळग्यावर पुलासारखं टेकतं. गेज सांगतं अंतर बरोबर, पण खळग्याच्या खोलीइतकं अंतर खरं तर जास्त असतं, आणि टिकटिक तशीच राहते. म्हणून रॉकरच्या तळाशी नख फिरवून पाहा. नख अडकलं तर सेटिंगने काहीही होणार नाही. रॉकर घासून घ्यावा लागेल किंवा बदलावा लागेल. ते न करता अंतर कमी करून आवाज मारू नका.

सेटिंग झाल्यावर कव्हर न लावता इंजिन अगदी हळू आयडलिंगला मिनिटभर चालवा (थोडं ऑइल उडेल, बाजूला फडकं धरा). प्रत्येक रॉकरमधून ऑइल झिरपताना दिसलं पाहिजे. एखादा कोरडा असेल तर रॉकर शाफ्टचं भोक गाळाने बुजलंय. शाफ्ट काढून पेट्रोलने धुवा, तारेने भोकं मोकळी करा आणि शाफ्टवर झिजेचे पट्टे पडलेत का तेही पाहा. पुशरॉड काढाल तेव्हा काचेवर लोळवून बघा, वाकलेला लगेच डुलतो. काढलेला पुशरॉड त्याच जागी परत जायला हवा, म्हणून पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून नंबर टाका.

सगळं बरोबर असून एकच टॅपेट वाजत असेल, तर फिलर गेजचं पातं इंजिन चालू असताना त्या रॉकरखाली सरकवा. आवाज थांबला तर तो याच व्हॉल्व्हचा. नाही थांबला तर खाली कॅमशाफ्टचा लोब (उंचवटा) किंवा त्यावर टेकणाऱ्या टॅपेटचं बूड झिजलंय. तसं असल्यास त्या व्हॉल्व्हचा रॉकर शेजारच्यापेक्षा कमी उचलतो, डायल गेज लावला की मोजता येतं.

६. टायमिंग चेन

रेडिएटरच्या बाजूने, टायमिंग कव्हरमागून खडखड किंवा सळसळ, विशेषतः रेस सोडताना: चेन सैल. तपासणी अशी. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा. पाना लावून क्रँक पुली एका दिशेला फिरवा, मग पुलीवर आणि कव्हरवर समोरासमोर खडूची खूण करा. आता पुली हळूहळू उलट फिरवा आणि रोटरकडे पाहा. रोटर हलायला लागेपर्यंत पुली साधारण आठ-दहा अंशांपेक्षा जास्त फिरत असेल, तर चेन किंवा स्प्रॉकेट झिजलंय. डिस्ट्रिब्युटरच्या गिअरची ढिलाईही यात मिसळते, म्हणून एका-दोन अंशांवरून भांडू नका. बदलायचं तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदला. जुन्या दातांवर नवी चेन फार दिवस गप्प राहत नाही.

७. चढावरची टणटण

कात्रजचा किंवा खंडाळ्याचा चढ, टॉप गिअर, पॅडल खाली, आणि पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज: हे पिंकिंग. यात काही ढिलं नसतं, मिश्रण वेळेआधी किंवा भलत्या जागी पेटतं. पण चालू दिलं तर पिस्टन फुटतो. कारणं याच क्रमाने पाहा: टायमिंग जास्त पुढे आहे; डिस्ट्रिब्युटरमधल्या वजनांची स्प्रिंग तुटलीय किंवा वजनं अडकलीत; कार्बुरेटरचा जेट तुंबल्याने किंवा बुडाचं पॅकिंग हवा ओढत असल्याने मिश्रण पातळ झालंय; इंजिन तापतंय; हेडमध्ये कार्बन साचलाय.

सीएनजी किट काढून टाकलेल्या गाडीत पहिलंच कारण धरा. गॅससाठी टायमिंग पुढे केलेलं असतं आणि किट काढताना ते परत मागे आणायचं राहून जातं.

८. खालचा ठोका

इथवर येऊनही आवाज टिकून असेल तर तो पिस्टन, गजन पिन (पिस्टन कॉनरॉडला जोडणारी पिन), बिग एंड किंवा मेन बेअरिंगचा. यांत फरक करायचा तर सिलिंडर एकेक करून बंद करावे लागतात.

इंजिन बंद असताना प्लग कॅप थोड्या ढिल्या करून ठेवा. जादा प्लगच्या बॉडीला क्लिपच्या वायरने ब्लॉकशी अर्थ द्या. इंजिन तापवून आयडलिंगपेक्षा थोडं वर ठेवा. इन्सुलेटेड पकडीने एक नंबरची कॅप काढा आणि जादा प्लगवर बसवा. दहा-पंधरा सेकंद ऐका, परत लावा, मग पुढचा. वायर मोकळी लटकत ठेवायची नाही: झटका तर बसतोच, आणि पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल तर मॉड्यूलही जातो. जास्त वेळही लावू नका, न पेटलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं.

आता कानाला काय सांगायचं:

*पिस्टन स्लॅप.* थंडपणी पोकळ "ठप ठप", सिलिंडर बंद केल्यावर कमी, तापल्यावर बहुतेक नाहीसा. खात्रीसाठी त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाका, प्लग न लावता सेल्फ दोन-तीन सेकंद मारा, मग प्लग लावून सुरू करा. आवाज काही वेळ दबला तर पिस्टन आणि बोअरमधलं अंतर वाढलंय. पाच मिनिटांत जाणारा स्लॅप घेऊन गाडी वर्षं काढते. ऑइल जळत नसेल तर त्यासाठी इंजिन खोलायला कुणी सांगितलं तरी घाई करू नका.

*गजन पिन.* आयडलिंगला हलका, टणक, जोडीने येणारा "टक-टक". सिलिंडर बंद केल्यावर आवाज बदलतो, कधी आणखी स्पष्ट होतो.

*बिग एंड.* गरम इंजिनावर घट्ट, हातोडी मारल्यासारखा ठोका. रेस देऊन सोडली की परत येताना सर्वांत स्पष्ट. त्याच सिलिंडरची प्लग कॅप काढली की ठळकपणे कमी होतो. हा ठोका ओळखला की गाडी चालवणं बंद. बेअरिंग फिरलं तर कॉनरॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो, आणि मग नुसतं बेअरिंग बदलून भागत नाही.

*मेन बेअरिंग.* खोल, जड "धम्म", पायाखालच्या पत्र्यातून जाणवणारा. चढावर किंवा वजन ओढताना जास्त. एक सिलिंडर बंद करून फारसा फरक पडत नाही, शेजारचे दोन एकदम बंद केले तर कमी होतो.

*फ्लायव्हील.* बोल्ट ढिले असतील तर मेनसारखाच जड आवाज येतो. आयडलिंगला इग्निशन बंद करा आणि इंजिन थांबता थांबता पुन्हा चालू करा. त्या झटक्याला एकच ठाम ठोका आला तर गिअरबॉक्स उतरवून फ्लायव्हील पाहा. क्रँक काढण्याआधी ही चाचणी न विसरता करा.

कानाच्या जोडीला दोन आकडे हवेत. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा दाब अगदी खाली गेल्यावरच पेटतो, म्हणून "दिवा लागत नाही" याचा अर्थ "दाब चांगला" असा होत नाही. सेंडरच्या जागी यांत्रिक गेज लावा, इंजिन वीस मिनिटं तापवा. दर हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय ही जुनी मोजपट्टी इथेही चालते. गरम आयडलिंगला काटा शून्याकडे झुकत असेल आणि ठोकाही असेल तर पुढे शंका राहत नाही. दुसरा आकडा कॉम्प्रेशनचा: चारही प्लग काढून, पॅडल पूर्ण दाबून घ्या. चारांतला फरक १०-१५ टक्क्यांच्या आत असावा. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा वाढला तर रिंग किंवा बोअर, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

९. गॅरेजमध्ये काय सांगायचं, काय नाकारायचं

"आवाज येतो, बघा" असं सांगून गाडी सोडू नका. वही आणि रेकॉर्डिंग दाखवा: "तीन नंबर बंद केला की ठोका जातो, गरम आयडलिंगला दाब इतका." चांगला मेकॅनिक याने खूश होतो.

चेंबर उतरवल्यावर कॉनरॉडच्या कॅपवर नंबर आहेत का पाहा, नसतील तर पंचाने खुणा करून घ्या. कॅप अदलाबदल झाली की बोअर गोल राहत नाही. क्रँकच्या जर्नलचं (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाचं) माप मायक्रोमीटरने, एकमेकांना काटकोनात दोन ठिकाणी घ्यायला सांगा. अंडाकृती किंवा चरे पडलेले असतील तर ग्राइंडिंग. दुकानातले लोक "दहा थाउ, वीस थाउ" म्हणतात, म्हणजे ०.२५ आणि ०.५० मिमी कमी मापाचे बेअरिंग. आधी बेअरिंग हातात आणा, मग त्या मापाला क्रँक घासून घ्या. जुन्या फियाटला सगळी मापं नेहमी मिळतातच असं नाही. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड इथून शोध सुरू करा.

दोन गोष्टी ठाम नाकारा. एक, बेअरिंगखाली कागद किंवा पातळ पत्रा घालणं. दुसरी, कॅपची तोंडं कानशीने घासून बेअरिंग "घट्ट" करणं. दोन्हींनी आवाज महिनाभर जातो, आणि परत येतो तेव्हा क्रँकही घेऊन जातो.

दुरुस्तीऐवजी जुन्या बाजारातलं दुसरं इंजिन बसवायचा सल्ला मिळेल. ते स्वस्त असतं, पण नंबर बदलतो. आरसीवर त्याची नोंद करून घ्यावी लागते. विकणाऱ्याचे कागद नसतील तर घेऊ नका. गाडीच्या पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली असतील आणि पुढे व्हिंटेज म्हणून तिची नोंदणी करायची असेल, तर मूळ ब्लॉक जपा. २०२१ पासूनच्या केंद्रीय नियमांत व्हिंटेजसाठी गाडी मूळ रूपात राखलेली असणं ही अट आहे.

१०. काम झाल्यावर

नवीन बेअरिंग घातलेल्या इंजिनाला पहिल्यांदा सुरू करताना प्लग काढून सेल्फ मारा, गेजवर ऑइलचा दाब चढलेला दिसेपर्यंत. मगच प्लग लावा. पहिले ५०० किलोमीटर टॉप गिअरमध्ये रखडत चढ चढू नका आणि एकाच वेगाने ताणूही नका. ५०० ला ऑइल आणि फिल्टर बदला, हेड उतरवलेलं असेल तर इंजिन थंड असताना पुस्तिकेतल्या क्रमाने बोल्ट पुन्हा टॉर्क करा, आणि हेड बसल्याने अंतर बदलतं म्हणून टॅपेट पुन्हा सेट करा.

मग मोबाइल त्याच उजव्या मडगार्डवर, त्याच फडक्यावर ठेवा आणि सकाळी थंड इंजिनावर नवीन रेकॉर्डिंग करून तारखेसकट जपून ठेवा. सहा महिन्यांनी कुणी पुन्हा "टॅपेट वाजतंय" म्हणालं, तर ताडून पाहायला तेच कामी येईल.